आधी हाज्जा नफूसा वाचेल

उस्ताद वफाईंना जगाकडून एकच गोष्ट हवी होती. बूड टेकायला एक खुर्ची.

कुठलीही नव्हे. कालव्याकाठच्या इस्माइलिया शहराच्या शिक्षण कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या बरोबर खाली एक खुर्ची रिकामी झाली होती. तिच्यावर बसणारा माणूस निवृत्त झाला होता आणि तो निवृत्त झालाय हे कचेरीला बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्या खुर्चीवर बसून काय काम करावं लागतं, याचा अंदाज यावरून यावा. वफाईंचं अर्धं आयुष्य पोरांना व्याकरण शिकवण्यात, म्हणजे उभं राहण्यात गेलं होतं. वर्गात शिक्षकाला खुर्ची असते, नाही असं नाही. पण तिच्यावर पोरांनी काय लावून ठेवलं असेल याचा भरवसा नसल्यामुळे शहाणा शिक्षक तिच्याकडे फक्त बघतो. वफाईंच्या पोटऱ्यांवरच्या शिरा आता दोरखंडासारख्या झाल्या होत्या आणि संध्याकाळी त्यांची बायको इन्साफ कोमट मिठाच्या पाण्याचं घमेलं त्यांच्या पायांपुढे ठेवायची, तेव्हा घोड्याला पाणी दाखवल्यासारखं दिसायचं.

तर खुर्ची. उपसंचालक फिक्री बे म्हणाले, "वफाई उस्ताद, खुर्ची तुमचीच समजा. फक्त एक प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालवून दाखवा. तपासणी झाली, शेरा चांगला पडला, की वर या नि बसा."

"एवढंच?"

"एवढंच. आणि हो, पद्धत निवडा."

"कसली पद्धत?"

फिक्री बेंनी एक फाइल पुढे सरकवली. सरकारी माणूस फाइल सरकवतो तेव्हा स्वतःच्या अंगावरचा विंचू दुसऱ्याच्या अंगावर सोडत असतो, हे वफाईंना माहीत होतं. पण पंख्याचं वारं लागत होतं. त्यांनी फाइल घेतली.

फाइलीत लिहिलं होतं की प्रौढ विद्यार्थी वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येतात, त्यामुळे शिक्षकाने त्यांची पार्श्वभूमी अभ्यासून तीनपैकी एक पद्धत निवडावी: अक्षरपद्धत, शब्दपद्धत किंवा संवादपद्धत. एकापुढेच खूण करावी. दोन खुणा केल्यास अर्ज बाद. हे लिहिणाऱ्याने जन्मात कधी प्रौढ माणूस पाहिला नसावा, आरशातसुद्धा. माणसं वेगवेगळी आहेत हे पहिल्या ओळीत कबूल करायचं आणि चौथ्या ओळीत सगळ्यांना एकाच गोणीत भरायचं, याला या देशात नियोजन म्हणतात.

इन्साफ त्यांना मुलीच्या नावाने, हिंदचे अब्बा म्हणून हाक मारायची. ती म्हणाली, "पद्धतीचं राहू द्या, अबू हिंद. आधी त्या लोकांना नीट बसायला द्या."

शेजारचे रुश्दी बे सैन्यातून सुभेदार म्हणून बाहेर पडले होते. पडले ते बाहेर, पण सैन्य त्यांच्यातून पडलं नव्हतं. ते जिन्यातच म्हणाले, "मी अख्ख्या पलटणीला वाचायला शिकवलंय! पद्धत एकच. पहाटे उठवायचं, पळवायचं, आणि ज्याला आलं नाही त्याला पुन्हा पळवायचं."

"माझ्या वर्गात सत्तरीची सुईण आहे, रुश्दी बे."

"मग हळू पळवा."

वर्ग भरायचा अराइशिया वस्तीतल्या युवा केंद्राच्या हॉलमध्ये. तिथे एक टेबल टेनिसचं टेबल होतं, चार बाकं होती आणि केंद्राचे प्रमुख, गळ्यात कायम शिट्टी अडकवलेले कॅप्टन बलीग होते. तिघांपैकी टेबल सगळ्यात कमी डगमगायचं. शिक्षकासाठी खुर्ची नव्हती. वफाईंनी विचारलं, तेव्हा कॅप्टन म्हणाले, "खेळाच्या हॉलमध्ये बसायचं नसतं, उस्ताद."

पहिल्या दिवशी पार्श्वभूमीचा अभ्यास झाला. म्हणजे वफाईंनी एवढंच विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

हाजी किनावींनी सुरुवात केली. ते कालव्याजवळच्या एका इमारतीचे दारवान. मूळ गाव दूर दक्षिणेत, किनाकडे. त्यांची पार्श्वभूमी त्यांच्या आजोबांच्या बैलापासून सुरू झाली. बैल चोरीला गेला, त्यावरून वैर लागलं, वैरात दोन घराणी उठली आणि संध्याकाळची मगरिबची अजान झाली तरी हाजींचे वडील अजून जन्मले नव्हते. मग शरकियाची हाज्जा सत्तूता म्हणाली, "हाजी, बैल मिळाला का नाही तेवढं सांगा, मला तेल तापवायचंय." तिचं मासे तळायचं दुकान होतं. तिच्या मुलखातल्या लोकांबद्दल म्हणतात की ते इतके पाहुणचार करणारे, की एकदा आगगाडी गावातून गेली तर त्यांनी अख्ख्या गाडीला जेवायला उतरवलं. सत्तूताला हे ऐकवलं की ती चिडत नसे. ती म्हणायची, "मग? उपाशी जाऊ द्यायची होती?"

तिच्या शेजारी उस्ता शलबी. दमियातचा सुतार, तोंडात कायम दोन खिळे. दमियातवाल्यांची ख्याती सत्तूताच्या मुलखाच्या बरोबर उलटी. ते पाहुण्याला विचारतात म्हणे, जेवणार, की हलक्या पोटानं छान झोपणार? शलबी खिळ्यांमधून म्हणाला, "मूळचा दमियातचा. पुढं बोलायला पैसे पडत नाहीत, पण तोंड झिजतं."

चौथा सुवैलिम. सिनाईच्या वाळवंटातला बदू. मालकाचा टेंपो घेऊन मळ्यातले आंबे बाजारात न्यायचा आणि पोलीस दिसला की टेंपोतून उतरून शेजारून चालत असल्यासारखा चालायचा, कारण साक्षरतेचा दाखला नसल्यामुळे त्याला धंद्याचं लायसन मिळत नव्हतं. "उस्ताद, मला पार्श्वभूमी नाही," तो म्हणाला. "मला लायसन पाहिजे."

आणि पहिल्या बाकावर हाज्जा नफूसा. सुईण. अर्ध्या वस्तीची नाळ तिने कापलेली. सुवैलिमची सगळी पोरं, किनावींच्या मुली, सत्तूताची जुळी, सगळी तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती. खुद्द वफाईसुद्धा. हे गुपित राहावं अशी वफाईंची फार इच्छा होती. पण नफूसाने भर वर्गात चष्मा वर करून त्यांना न्याहाळलं आणि म्हणाली, "तूच ना रे तो? उलटा आला होतास. पाय आधी. तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं, हा जन्मभर उभा राहणार."

वर्ग हसला. वफाईंनी खडू उचलला आणि रागाने अक्षरपद्धतीपुढे खूण केली.

अक्षरपद्धतीसाठी सरकारने पुस्तक दिलं होतं. पहिल्या पानावर बदक. दुसऱ्यावर ससा. वफाईंनी बदकावर बोट ठेवून म्हटलं, "म्हणा माझ्यामागून."

कुणीच म्हणेना.

"उस्ताद," सत्तूता म्हणाली, "माझा नातू हेच पुस्तक घेऊन बसतो. त्याच्यासमोर मी बदक बदक करू? उद्यापासून तो मला आजी म्हणेल का?"

"बदक पहिलं अक्षर शिकवतं, हाज्जा."

"मला बदक दाखवलं तर मी सोलून तळीन. दुसरं काही मला बदकाकडून शिकायचं नाही."

सुवैलिमने नम्रपणे विचारलं, की परीक्षेत बदकावर किती गुण असतात. शलबी म्हणाला, पान फाडून द्या, मागची बाजू कोरी आहे, मापं लिहायला येईल. आणि हाजी किनावी झोपले. दारवान माणूस, बसल्या जागी, डोळे उघडे ठेवून झोपायची त्यांना सवय. वफाई बराच वेळ त्यांनाच शिकवत होते, कारण सगळ्यांत लक्ष देऊन तेच ऐकतायत असं वाटत होतं.

आठवड्याभरात वफाईंनी हात टेकले. पद्धत बदलायची तर नवा अर्ज, नव्या अर्जावर कॅप्टन बलीगचा शिक्का, आणि शिक्का होता कॅप्टनच्या बहिणीच्या घरी. का, ते विचारू नये. या मुलखात शिक्का नेहमी बहिणीच्या घरी असतो.

आता शब्दपद्धत. फाइल म्हणत होती, विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यातला शब्द घ्या. वफाईंनी पुष्कळ विचार केला. सगळ्यांच्या घरात असतं काय? भाकर. त्यांनी फळ्यावर मोठी गोल भाकर काढली आणि खाली लिहिलं, भाकर. काही क्षण त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. आयुष्यात असे क्षण येतात. माणसाने त्या वेळी खिडकीतून उडी मारावी, म्हणजे निदान पुढचं बघावं लागत नाही.

"ही भाकर?" हाजी किनावी जागे झाले. "ही तर चकती आहे. भाकर म्हणजे आमची शम्सी. उन्हात फुगते. जाड. माणसाच्या डोक्यात घातली तर माणूस पडतो."

"म्हणून तुमच्याकडची माणसं अशी," सत्तूता म्हणाली. "भाकर मक्याची, मेथी घातलेली, पातळ."

"पातळ?" सुवैलिमला हसू आवरेना. "हाज्जा, तव्यावरची आमची फराशीह बघ. तिच्यातून पलीकडचा उंट दिसतो."

"मग उंटच खा ना, ती कशाला खातोस?"

शब्द भाकर असाच लिहितात, आकार कुठलाही असो, हे वफाई ओरडून सांगत होते. कुणी ऐकेना. ज्या भाकरीवर माणूस वाढला ती सोडून दुसरीला भाकर म्हणायला तो तयार होत नाही, ही पार्श्वभूमी. फाइलीत हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुरावे आले. किनावींच्या बायकोने, बखीताने, शम्सीची पाटी पाठवली. सत्तूता मेथीच्या भाकरी आणि वर टोपलीभर तळलेले मासे घेऊन आली. सुवैलिमने कापडात गुंडाळलेल्या फराशीह टेबल टेनिसच्या टेबलावर चादरीसारख्या पसरल्या. शलबीने काही आणलं नाही. पण कुठली खरी हे ठरवायला पंच लागतो म्हणून त्याने सगळ्यांच्या खाल्ल्या आणि निकाल राखून ठेवला.

त्या दिवशी एक अक्षर लिहिलं गेलं नाही. पण वफाईंनी तीन प्रकारच्या भाकरी खाल्ल्या आणि घरी येऊन मिठाच्या पाण्यात पाय न घालता झोपले.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. टेबल टेनिसच्या टेबलाच्या फटींतून, जाळीवरून, रांगेने. कॅप्टन बलीगनी लेखी तक्रार केली की प्रौढशिक्षणामुळे केंद्रात मुंग्या झाल्या आहेत. फिक्री बेंचा फोन आला. "वफाई उस्ताद, शब्दपद्धतीत मुंग्या कुठं बसतात?"

"सगळीकडे बसतात, बे."

"तिसरी पद्धत घ्या. आणि हे शेवटचं. त्या खुर्चीवर माझ्या बायकोच्या भाच्याचाही डोळा आहे. मी त्याला थोपवून धरलंय."

संवादपद्धत म्हणजे गोल बसायचं. शिक्षकाने मागे राहायचं. विद्यार्थ्यांनी आपणहून पुढे यायचं, बोलायचं, लिहायचं. ज्याने ही पद्धत शोधली तो नक्की अशा देशातला असणार, जिथे माणसं दारातून आपणहून आत शिरतात. आमच्याकडे दोन माणसं दाराशी एकत्र आली तर दार बंद व्हायची वेळ येते तरी कुणी आत जात नाही. "आधी तुम्ही." "छे, तुमच्याआधी? अल्लाशपथ नाही." "पैगंबराची आण, तुम्हीच." आत प्रेत असलं तरी आधी तुम्ही.

वफाईंनी खडू वर्गाच्या मधोमध ठेवला. "ज्याला वाटेल त्याने यावं."

सुवैलिमने खडू उचलून हाजींना दिला. हाजींनी तो छातीशी धरला आणि सत्तूताला दिला. सत्तूता म्हणाली, हाज्जा नफूसा बसलेली असताना मी? खडू नफूसाकडे गेला. नफूसा म्हणाली, "मी म्हातारी, शेवटी जाते. पोरांनो, तुम्ही आधी." खडू पुन्हा फिरला. फिरता फिरता तो झिजत होता. शलबीला हे बघवेना.

तेवढ्यात हाजी किनावी उठले, दक्षिणेकडचा माणूस उठतो तसे, अख्खे एकदम, आणि गरजले, "बास! हाज्जा नफूसाच आधी लिहील. तिच्याआधी कुणी लिहिलं तर माझ्या बायकोला तलाक!"

वर्ग गार पडला. ही आमच्या पुरुषांची रीत. चहाचे पैसे कोण देणार, माशाचा मोठा तुकडा कोण घेणार, लिफ्टमध्ये आधी कोण चढणार, की लावली बायको पणाला. ती बिचारी घरी मुलूखियाची भाजी चिरत असते. तिला पत्ताही नसतो की कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत आपला संसार एका ग्लासाच्या कडेवर उभा आहे. बायकांनी कधी अशी शपथ घेतल्याचं ऐकलंय? त्यांना शपथेत घालायला नवऱ्याइतकी स्वस्त वस्तू मिळत असूनही?

नफूसा लगबगीने उठली. "थांब रे बाबा, लिहिते, लिहिते." आणि सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं.

फळ्यापाशी शलबी उभा होता. त्याने हाज्जाच्या आधीच आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहून टाकलं होतं. "खडू फुकट झिजत होता," तो म्हणाला. दोन खिळे तोंडातून खाली पडले.

बखीताला बातमी तिच्या नवऱ्याआधी पोचली. ती युवा केंद्रात आली ती पायातली चप्पल हातात घेऊनच. "फळ्यापायी? अरे, फळ्यापायी मला सोडलीस? इतकी वर्षं तुझ्या इमारतीचे जिने पुसले मी!" हाजी टेबल टेनिसच्या टेबलाखाली होते. जाळीने थोडा बचाव होत होता.

सगळी वरात मशिदीत शेखकडे गेली. वफाईसुद्धा, कारण साक्षीदार पाहिजे. व्याकरणाच्या शिक्षकाने तलाकच्या साक्षीत उभं राहावं, इथवर त्यांची प्रतिष्ठा आली होती. शेखने ऐकलं, दाढी कुरवाळली आणि विचारलं, "मनात बायकोला सोडायचं होतं?"

"छे! मनात फक्त हाज्जाने लिहावं एवढंच होतं."

"मग दहा गरिबांना जेवू घाल आणि जा. पण हाजी, ऐकून ठेव. हे तुझं पहिल्यांदा नाही. यापुढं तू शपथ घेतलीस आणि ती मोडली, तर मी मनात काय होतं ते विचारणार नाही. बायको गेली म्हणून सांगेन."

बखीता म्हणाली, "ऐकलंस? सगळ्यांनी ऐकलंत?"

सगळ्यांनी ऐकलं. दहा गरिबांना सत्तूताने मासे तळून घातले. गरीब अकरा झाले, कारण शलबी रांगेत उभा राहिला.

त्यानंतर वफाईंनी पद्धत सोडली. फाइलीवर संवादपद्धत ही खूण राहिली, पण त्यांच्यातला माणूस दमला होता. ते वर्गात येत, खिडकीच्या कट्ट्याला टेकत आणि म्हणत, "करा काय करायचं ते." आणि काय आश्चर्य, लोकांनी केलं. सुवैलिम रस्त्यावरच्या पाट्या आठवून फळ्यावर काढायचा, "हे काय, उस्ताद?" शलबी लाकडावर पेन्सिलीने अक्षरं कापायच्या रेषांसारखी आखायचा. किनावींना भाडेकरूंची नावं पाहिजे होती, तीही आधी ज्यांच्याशी भांडण त्यांची. नफूसा दुसऱ्यांचं बघत बसायची आणि घरी जाताना हवेत बोटाने काहीतरी गिरवायची. वफाई मध्ये मध्ये "तिथं अक्षराचा नुक्ता राहिला, टिंब द्या" एवढंच बोलत. सगळ्यांना मिळून एक वाक्य हवं होतं. भाकरीवर एकमत झालं नव्हतं. मासे, रस्ते, लाकूड, कशावरच झालं नाही. शेवटी सत्तूताने सुचवलेल्या वाक्यावर झालं, कारण ते प्रत्येकाच्या मुलखात दाराशी म्हणतात. "या, बसा, जेवून जा." शलबीसुद्धा हो म्हणाला. म्हणायला पैसे पडत नाहीत.

महिने गेले, आंब्याचा मोसम आला, आणि तपासणी आली.

डॉक्टर नशवा. प्रौढशिक्षणावर डॉक्टरेट केलेली, वफाईंच्या मुलीपेक्षा, हिंदपेक्षा, चार-दोन वर्षांनी मोठी असेल. सरकारी गाडी, काळा चष्मा, तीच ती फाइल. डॉक्टर म्हटल्यावर सत्तूताने आधी तिला आपला गुडघा दाखवला. मग माशांची टोपली पुढे केली.

"मी कामावर असताना खात नाही," डॉक्टर नशवा म्हणाली.

सत्तूताचा चेहरा असा झाला, की जणू आगगाडी न थांबता गावातून निघून गेली.

डॉक्टर नशवाने वफाईंना बाजूला घेतलं. "उस्ताद, फिक्री बेंनी तुमचं बदलीचं पत्र तयार ठेवलंय. माझ्या शेऱ्यावर अडलंय. निम्म्यांनी वाचलं तरी मी चांगला शेरा देईन. आणि इथल्या इथं प्रत्येकाचा दाखलाही लिहीन."

वफाईंनी फळ्याकडे पाहिलं. या, बसा, जेवून जा. सगळ्यांना येत होतं. डोळे मिटून येत होतं. पंख्याचं वारं त्यांना इथपर्यंत लागलं.

त्यांनी आदल्या दिवशी बंदोबस्तही केला होता. सुवैलिमला सांगून ठेवलं होतं की बाईंनी विचारलं की मागेपुढे न बघता तू उठ. कुणाला आधी तुम्ही म्हणू नकोस. सुवैलिमने दाढीवर हात ठेवून वचन दिलं होतं.

"संवादपद्धत आहे ना?" डॉक्टर नशवा हसून म्हणाली. "मग मी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला वाटेल त्याने यावं आणि वाचावं."

सुवैलिम उठला. अर्धा उठला. शेजारी हाज्जा नफूसा बसली होती. तिच्या हातांनी त्याची पोरं या जगात आणली होती. तो तसाच वाकलेला राहिला, ना उभा ना बसलेला. "हाज्जा, तू..."

"नाही रे, तू जा. तुला लायसन पाहिजे."

"तुझ्याआधी?"

वफाईंना पुढचं दिसलं. ते कट्ट्यावरून निसटले, हात पसरून हाजी किनावींकडे धावले. पण खिडकीपासून बाकापर्यंत हॉल होता आणि त्यांच्या पोटऱ्यांना शिरा होत्या.

"बास!" हाजी अख्खे उठले होते. "आधी हाज्जा नफूसा वाचेल! तिच्याआधी इथं कुणीही वाचलं तर माझ्या बायकोला तलाक!"

बोलून झालं आणि मग त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा पिठाचा झाला. बाकावर बसायला गेले ते बाकाच्या बाजूला बसले.

नफूसा उठली. चष्मा लावला, पदर सावरला, फळ्यापाशी गेली. रोज बाकावरूनसुद्धा तिला हे वाक्य दिसायचं. पण आज शेजारी फाइल होती, काळा चष्मा होता, बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. अक्षरं टेबलावरच्या मुंग्यांसारखी फटींत पळाली.

वेळ गेला.

"घाबरू नका, आजी," डॉक्टर नशवा म्हणाली.

"घाबरत नाही, बेटा. थांबलेय."

"कशासाठी?"

"येईपर्यंत. ओढून काढलं तर खांदा निखळतो. पोराचा काय नि शब्दाचा काय."

डॉक्टर नशवाने घड्याळ पाहिलं. तिला दुपारच्या आत अजून वर्ग उरकायचे होते. "बरं, आजींना राहू द्या. तुम्ही वाचा." तिने सुवैलिमकडे बोट केलं.

सुवैलिमने फळ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले आणि त्याने ते दातांखाली धरले.

"येत नाही?"

सुवैलिमने मान हलवली. येत नाही.

"तुम्ही?" शलबीने तोंडातले खिळे काढले नाहीत. "तुम्ही?" सत्तूता म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमचं लग्न झालंय का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"आहे. पण झालं नसेल तर सांगून कळायचं नाही."

डॉक्टर नशवा वफाईंकडे वळली. तिचा आवाज थोडा मऊ झाला होता. बाई वाईट नव्हती, फाइल वाईट होती. "उस्ताद, मला यांना अगदीच शून्य द्यायचं नाही. तुम्ही स्वतः एकदा वाचून दाखवा, बोट ठेवून. यांना मागून म्हणू द्या. मी तेवढ्यावर शेरा देते."

चार शब्दांचं वाक्य. वफाईंनी यापेक्षा अवघड वाक्यं झोपेत सोडवली होती. त्यांनी छडी उचलली आणि पहिल्या शब्दावर ठेवली. हाजी किनावी जमिनीवरून त्यांच्याकडे बघत होते. खिडकीच्या बाहेर, डोक्यावर शम्सीची पाटी घेऊन, बखीता उभी होती. पाहुण्यांना भाकर द्यायला आली होती. तिने शपथ ऐकली होती. तिच्या हातात आज चप्पल नव्हती, हे वफाईंना जास्त लागलं.

हाजी 'कुणीही' म्हणाले होते. शिक्षक सोडून, असं म्हणाले नव्हते. व्याकरणाच्या माणसाला यातून पळवाट नाही. कुणीही म्हणजे कुणीही.

पंखा त्यांना स्पष्ट दिसला. त्याची पाती, त्याखालची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. वफाईंनी तो टॉवेल मनातल्या मनात घडी करून ठेवला.

"मलाही येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"वाचता. आज येत नाही."

डॉक्टर नशवाने फाइलीत काहीतरी लिहिलं, पेनचं टोपण लावलं आणि गेली. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळला, कालव्याच्या रस्त्याला लागला, संपला.

नफूसा अजून फळ्यापाशीच होती, चष्म्यावर बोट. आणि मग, पोर यायच्या आधी घर जसं शांत होतं तशा शांततेत, ती म्हणाली, "या." थांबली. "ब... सा. बसा." पुढचं एकदम आलं, डोकं बाहेर पडलं की बाकीचं सुटतं तसं. "जेवून जा!"

मग जो गोंधळ झाला! सुवैलिम बाकावर चढून वाक्य ओरडला. सत्तूता ओरडली. शलबीने दोन्ही खिळे थुंकून वाक्य दोनदा म्हटलं, फुकट होतं म्हणून. हाजी किनावी रडत वाचत होते आणि खिडकीतून बखीता म्हणत होती, "वाच, वाच, घरी ये मग तुला वाचून दाखवते." वफाई तेवढे बसायला जागा शोधत होते.

निकाल कचेरीतून आला. वर्गात कुठलीही पद्धत आढळली नाही, विद्यार्थी व शिक्षक दोघेही वाचू शकले नाहीत. खुर्चीवर फिक्री बेंच्या बायकोचा भाचा बसला. नियम असा, की वर्ग पास झाला तर बंद, नापास झाला तर आणखी एक वर्ष, त्याच शिक्षकाकडे. म्हणजे शिकवलं की संपलं, आणि नाही शिकवलं की पगार चालू. असले नियम करणाऱ्यांना कोण वाचायला शिकवणार? शिवाय वफाईंना एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय, विविध पार्श्वभूमीच्या प्रौढांसाठी अध्यापनपद्धतीची निवड. व्याख्यात्या, डॉक्टर नशवा. शिक्षक पुष्कळ आले, खुर्च्या कमी पडल्या. वफाई मागे उभे राहिले.

"लायसनचं काय रे?" त्यांनी सुवैलिमला विचारलं.

"पुढच्या परीक्षेला. टेंपोशेजारून चालायची सवय आहे, उस्ताद. पाय बळकट होतात."

नव्या वर्षाचा वर्ग सुरू झाला त्या संध्याकाळी उस्ता शलबी हॉलमध्ये उलटा शिरला, काहीतरी ओढत. खुर्ची. दमियातची, हातांवर कोरीव वेल, बसायला विणलेलं. दमियातच्या माणसाने दिलेली. "लाकूड उरलं होतं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "एक पाय जरा आखूड आहे. खाली कागद घाला, त्या बदकाच्या पुस्तकाचा."

सत्तूताने पुस्तक घडी करून पायाखाली सारलं. खुर्ची स्थिर झाली. बदक पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाला आलं.

"बसा, उस्ताद," सगळे म्हणाले.

वफाईंच्या पोटऱ्यांनी सुस्कारा सोडला. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला, गुडघे वाकवले, आणि नजर पहिल्या बाकावर गेली. तिथे हाज्जा नफूसा बसली होती, पाठीला आधार नसलेल्या बाकावर. वफाईंच्या तोंडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, त्यांच्या आईने शिकवलेले शब्द बाहेर पडले.

"हाज्जा, आधी तू."

"मी? शिक्षकाच्या खुर्चीवर? तूच बस रे."

"तुझ्याआधी मी कसा बसू?"

हाजी किनावी अख्खे उठले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

सुवैलिमने बाकावरून उडी मारली, शलबीने मागून धरलं, सत्तूताने माशाच्या तेलाचा हात सरळ तोंडावर दाबला, आणि हॉलभर कॅप्टन बलीगच्या शिट्ट्या वाजायला लागल्या. हाजींचे डोळे तेवढे हातांच्या वर दिसत होते. ते अजूनही काहीतरी शपथेवर सांगत होते.

वफाई मधोमध, खुर्चीशेजारी उभे होते.